ज्ञानाच्या शोधात निघालेला गोमंतकीय : धर्मानंद कोसंबी

शालान्त परीक्षा देऊन शाळेचा निरोप घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपुढे आज एकच प्रश्न उभा आहे : पुढे काय? कोणी महाविद्यालयात जाईल, कोणी एखादा व्यवसाय शिकेल, तर कोणास घरच्या परिस्थितीमुळे लगेच नोकरी धरावी लागेल. अपेक्षेहून कमी गुण मिळालेल्यास तर सारी दारे बंद झाल्यासारखी वाटतील. या सर्वांपुढे आम्ही एका थोर गोमंतकीयाचे चरित्र ठेवीत आहोत.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. घरची भाषा आमच्याप्रमाणेच कोकणी. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता आणि खेड्यात शिक्षणाची सोय बेताचीच होती. धर्मानंदांना मराठी शाळेतील थोडेफार शिक्षण मिळाले, तेही खंड पडत पडत. लहान वयातच विवाह झाला आणि माडांच्या भाटाची देखरेख अंगावर आली. अशा स्थितीत मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. त्या काही पानांनी त्यांच्या मनात जी जिज्ञासा जागविली, ती पुढे कधीच शमली नाही.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. संस्कृतावाचून पुढची वाट नाही हे ओळखून ते प्रथम पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नंतर ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांपाशी संस्कृत शिकले. तेथून बुद्धधर्माच्या शोधार्थ त्यांनी नेपाळ गाठला. परंतु तेथे मनाजोगते काही हाती लागले नाही. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. धर्मानंद बुद्धगयेस गेले आणि १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली त्यांनी पाली भाषेचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेशातही ते राहिले.

येथे एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. या विद्येचे मोल एकट्या धर्मानंदांनी दिले नाही. त्यांनी घर सोडले तेव्हा पदरी एक तान्ही मुलगी होती. पत्नी बाळाबाई यांना सुमारे सात वर्षे पतीवाचून काढावी लागली. विद्वानाच्या चरित्रात अशा माणसांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो, हे बरे नव्हे. विद्यार्थ्यांनो, घर टाकून जा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. तुमच्या शिक्षणासाठीही घरात कोणीतरी काटकसर करीत आहे, कोणीतरी आपली हौस मारीत आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवा.

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे मानाची जागा आणि चांगले वेतन होते. पण आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत हे ज्ञान द्यावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे म्हणून, दरमहा ५० रुपये देऊ केले. रक्कम कलकत्त्याच्या वेतनाहून बरीच कमी होती; तरी धर्मानंदांनी ती स्वीकारली. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी बोलाविले. इंग्रजी शाळेची पायरी न चढलेला हा गृहस्थ तेथल्या पंडितांत आपल्या विद्येच्या बळावर बसला. त्यानंतर १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि त्या भाषेचे नामांकित अभ्यासक घडविले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही सोसला. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

धर्मानंदांकडे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून प्रमाणपत्र निरुपयोगी ठरत नाही. ते तुम्ही कष्टाने मिळविले आहे. त्याचा मान राखा. परंतु ते कमी गुणांचे असले तर त्यावरून आपली योग्यता कायमची ठरवू नका. आपणास काय शिकावयाचे आहे हे नीट ओळखा आणि ते जेथे मिळेल तेथे जा. एक वाट खुंटली तर दुसरी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि जे मिळवाल त्यातले थोडे तरी आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत, घरी घेऊन या.

तुमचा प्रवास सुखाचा होवो, ही आम्हां सर्व शिक्षकांची मनःपूर्वक इच्छा.