चिचेन इत्झाचा रस्ता

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात चिचेन इत्झाचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा पाहायला दरवर्षी लाखो प्रवासी जातात. तिथवर मोटारीचा रस्ता नेणाऱ्या फेलिपे कारियो पुएर्तोचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

१८७४ साली मोतुल गावी त्याचा जन्म झाला. घर छोट्या व्यापाऱ्याचे, पण पोर वाढले माया मुलांत, त्यांचीच भाषा बोलत. युकातान तेव्हा घायपाताच्या दोरावर जगत होते. मळेवाले गबर होत गेले आणि माया मजूर पिढ्यान् पिढ्या कर्जात रुतले. बापाचे कर्ज मुलाच्या नावावर चढे. मी आयुष्यभर बँकेत थकलेली खाती पाहिली; पण कर्ज फिटूच नये अशा बेताने ते देणारा सावकार काही वेगळाच!

फेलिपेने रेल्वेत नोकरी केली, वर्तमानपत्र चालवले, तुरुंगही पाहिला. १९२२ साली तो युकातानचा गव्हर्नर झाला आणि पहिले भाषण त्याने माया भाषेत केले. गावांना जमिनी वाटल्या, शाळा काढल्या. एल्व्हिया ही त्याची बहीण १९२३ साली प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आली.

चिचेन इत्झाला जायचे तर रेल्वेने झितासपर्यंत आणि पुढे जंगलातून घोड्यावर किंवा गाडीतून, अशी तेव्हाची वाट. फेलिपेने १९२३ साली रस्ता खुला केला. परदेशी पाहुण्यांची सोय त्याला हवीच होती. पण आपल्या पूर्वजांनी काय उभे केले, हे मळ्यात राबणाऱ्या मायांनी स्वतः येऊन पाहावे, ही त्याची खरी ओढ होती.

त्याच वर्षी अमेरिकन संशोधकांबरोबर आल्मा रीड ही पत्रकार तिथे आली. चिचेन इत्झाची जमीन तेव्हा एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसाच्या नावावर होती. तिथल्या पवित्र विहिरीतून काढलेले सोने आणि जेड आपण हार्वर्डच्या संग्रहालयात धाडल्याचे त्याने आल्माला सांगितले आणि तिने ते छापले. फेलिपे आणि आल्मा प्रेमात पडली. लग्न ठरले, ती तयारीला सॅन फ्रान्सिस्कोला गेली. इकडे बंड झाले. ३ जानेवारी १९२४ रोजी मेरिदाच्या दफनभूमीत बंडखोरांनी फेलिपेला तीन भावांसह गोळ्या घातल्या. तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

पुढची हकीकत दस्तऐवजांची आहे, आणि मला तीच अधिक खुपते. सरकारने थॉम्पसनची जमीन जप्त केली. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. तो तोवर वारला होता. वारसांनी जमीन विकली ती पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बार्बाचानो घराण्याला. इमारती राष्ट्राच्या, खालची माती खाजगी! अखेर २०१० साली युकातान सरकारने २२ कोटी पेसो मोजून ती घेतली.

खरेदीखतावर माया गावांचे नाव आजवर एकदाही आलेले नाही. शेजारच्या पिस्ते गावचे माया कारागीर भग्नावशेषांच्या आवारात लाकडी मुखवटे मांडून बसतात, आणि त्यांनी तिथे बसावे की नाही, हा वाद सरकारी खात्याशी वर्षानुवर्षे चालू आहे.