विवेकवर्धिनीचे केशवराव

अफझलगंजचा पूल ओलांडून मुसीच्या दक्षिण तीरावर उतरले की हायकोर्टाची लाल घुमटांची इमारत उभी राहते, आणि पाठ फिरवून उत्तरेकडे चालू लागले तर गौलीगुडा, पुतळीबावडी करीत थोड्याच वेळात जांबागेत विवेकवर्धिनीच्या दारात जाता येते. या दोन वास्तूंमधले अंतर पायी अर्ध्या तासाचेही नाही. केशवराव कोरटकर यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा या दोन टोकांच्या मध्ये गेला. एका टोकाला त्यांची उपजीविका आणि पुढे न्यायासन, दुसऱ्या टोकाला त्यांनी उभी केलेली शाळा. न्यायमूर्ती म्हणून त्यांना मान मिळाला, परंतु हैदराबादच्या मराठी घरांत त्यांचे नाव राहिले ते शाळेमुळे.

केशवरावांचा जन्म १८६७ सालचा, मराठवाड्यातल्या पुरजळ या लहानशा गावचा. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत असे, आता ते हिंगोलीत गेले आहे. निजामी राज्यातील मराठी खेड्यात जन्मलेल्या मुलाला त्या काळी शिक्षणाची वाट किती अरुंद होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. राज्याच्या लोकसंख्येत मराठी बोलणारे सुमारे एक चतुर्थांश, तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, कानडी बोलणारे त्याहून कमी आणि उर्दू बोलणारे सुमारे एक दशांश. परंतु दप्तर आधी फारसीत चाले आणि १८८४ च्या सुमारास फारसी गेली तेव्हा तिच्या जागी उर्दू आली. तलाठ्याच्या वहीपासून हायकोर्टाच्या निकालापर्यंत सर्वत्र हीच स्थिती होती. ज्याला पुढे यायचे त्याने घरची भाषा उंबरठ्याच्या आत ठेवून बाहेर पडावे, असा हा रिवाज होता. केशवरावांनीही तेच केले. उर्दूवर प्रभुत्व मिळवून ते वकील झाले, गुलबर्ग्यास त्यांनी वकिली केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते राजधानीत येऊन हायकोर्टात उभे राहू लागले. उर्दूशी त्यांचे वैर कधीच नव्हते. ज्या भाषेने त्यांना अन्न दिले तिच्याविषयी त्यांच्या मनात आदरच असला पाहिजे, कारण पुढे त्यांनी शाळा काढली ती कुठल्या भाषेविरुद्ध काढली नाही. ही गोष्ट नंतरच्या काळातील गदारोळात बहुतेकांच्या लक्षातून निसटली.

ते हैदराबादेत आले तेव्हा शहरात चांगल्या शाळा नव्हत्या असे म्हणता येणार नाही. पहिल्या सालारजंगांनी दारुल उलूम काढले होते. उमरावांच्या मुलांसाठी मदरसा-ए-आलिया होता आणि १८८७ पासून निजाम कॉलेज होते, डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्यासारख्या विद्वानाने त्याची घडी बसवली होती. पुढे १९२३ मध्ये बेगमपेठेला जहागीरदारांच्या मुलांसाठी स्वतंत्र कॉलेजही निघाले. जहागिरी रद्द झाल्यानंतर हेच हैदराबाद पब्लिक स्कूल या नावाने सर्वांना खुले करण्यात आले. या शाळांतील शिक्षण कमी प्रतीचे मुळीच नव्हते. मोठी मैदाने, नामांकित शिक्षक, शिस्त, इंग्रजीचा उत्तम पाया, सर्व काही तिथे होते. परंतु तिथे निवड होत असे ती मुलाच्या बुद्धीची नव्हे, त्याच्या वडिलांच्या सनदेची. चौकात दुकान मांडणाऱ्या, कचेरीत कारकुनी करणाऱ्या किंवा नांदेड-बीडकडून पोटासाठी आलेल्या मराठी माणसाचा मुलगा त्या फाटकापर्यंत पोहोचतच नसे.

या फाटकाबाहेरच्या मुलांसाठी १९०७ साली विवेकवर्धिनी पाठशाळा सुरू झाली. केशवरावांच्या बरोबर वामनराव नाईक होते, आणि त्या वेळी हैदराबादेत चित्रकार म्हणून राहणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर होते. सातवळेकरांची पुढची ख्याती वेदांचे भाष्यकार म्हणून झाली, त्यामुळे त्यांच्या हातातला कुंचला आणि हैदराबादेतील ही वर्षे सहसा विस्मरणात जातात. त्याच वर्षी गुलबर्ग्याला नूतन विद्यालयाची स्थापना झाली. बंगालच्या फाळणीनंतर देशभर राष्ट्रीय शिक्षणाचा जो विचार पसरला, त्याचे वारे निजामी सरहद्द ओलांडून आत आले ते या दोन शाळांच्या रूपाने.

शाळा जेमतेम वर्षाची झाली असेल तोच २८ सप्टेंबर १९०८ चा दिवस उजाडला. मुसी नदीने त्या दिवशी जे रूप दाखवले त्याच्या आठवणी हैदराबादच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. अफझलगंज ही धान्यबाजाराची गजबजलेली वस्ती. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी व्यापाऱ्यांना जागा दिली, त्यांचेच नाव या वस्तीला मिळाले. सर्वांत मोठा तडाखा बसला तो या भागाला. पूल कोसळले, दवाखाना वाहून गेला, त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाला धरून राहिलेली माणसे तेवढी वाचली. शहरात सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. ज्या मध्यमवर्गाच्या वर्गणीवर खाजगी शाळा चालायची, त्यातील कितीतरी घरे चिखलात गेली. सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले, पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, नदीकाठी नवा दवाखाना आणि नवे हायकोर्ट उभे राहिले. हे काम राज्याच्या खजिन्यातून झाले. विवेकवर्धिनीला खजिना नव्हता. तरी ती टिकली. वर्गणी मागणारा माणूस स्वतः नामांकित वकील असला म्हणजे काय घडते याचे हे उत्तम उदाहरण आहे. केशवरावांच्या शब्दाला बाजारात पत होती आणि ती त्यांनी शाळेच्या कामी बिनदिक्कत खर्च केली.

केशवराव आर्यसमाजी होते. सुलतान बाजारातील आर्यसमाजाचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ, थेट अखेरपर्यंत सांभाळले. सुलतान बाजार हा त्या वेळी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत होता, १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला. तेथे सभा-संस्थांना थोडी मोकळी हवा मिळे, म्हणून शहरातील अनेक ग्रंथालये, समाज आणि मंडळे याच परिसरात वाढली. तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ मध्ये निघाले तेही याच भागात. परंतु रेसिडेन्सीची हद्द ही दुधारी तलवार होती. सातवळेकरांच्या लिखाणावर ब्रिटिशांची नजर गेली, तेव्हा त्यांना हैदराबाद सोडावे लागले. हरद्वार, लाहोर असा प्रवास करून ते अखेर औंधास स्थिरावले. केशवराव मात्र राहिले. सहकारी गेल्यानंतर संस्था मागे सांभाळीत बसणारा माणूस इतिहासात तेजस्वी दिसत नाही, हे खरे. परंतु सातवळेकरांसारखेच केशवरावही गेले असते तर विवेकवर्धिनी हे नाव आज एखाद्या चरित्रातील तळटीप होऊन राहिले असते.

त्यांचा मार्ग वकिलाचा होता. कायद्याच्या चौकटीत जेवढे मिळेल तेवढे घ्यायचे, चौकट मोडू द्यायची नाही आणि तिच्या आत शाळेसाठी जागा वाढवीत न्यायची. याचे फायदे होते, तसे तोटेही होते. निजामी हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाल्यावर त्यांच्या वागण्यावर आणखीच मर्यादा आल्या. १९२३ पासून हैदराबाद राज्याच्या राजकीय परिषदा भरू लागल्या त्या राज्याबाहेर, काकिनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशा ठिकाणी, कारण राज्यात सभा घेणे जवळजवळ अशक्य झाले होते. अशा काळात शाळेचे सभागृह हीच काय ती विचार मांडण्याची जागा उरते. विवेकवर्धिनीचे सभागृह तसे झाले, आणि तेथेच १९२१ च्या नोव्हेंबरात जे घडले ते या शाळेच्या इतिहासातील सर्वांत अवघड पान आहे.

त्या महिन्यात ११ व १२ तारखेला निजाम राज्य सामाजिक परिषद विवेकवर्धिनीच्या थिएटरात भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह यांसाठी जन्म वाहिलेला हा पुरुष हैदराबादच्या सुधारकांना आपला वाटे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी या भाषांतून भाषणे झाली, लोकांनी ती शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील उठले आणि त्यांनी तेलुगूत बोलायला सुरुवात केली. सभागृहात हुर्यो उठली. टाळ्या, शिट्ट्या, हशा यांत त्यांचे बोलणे बुडून गेले. राज्यातील जवळजवळ निम्मी प्रजा जी भाषा बोलत होती, ती या सुधारकांच्या सभेत हसण्याचा विषय झाली. तेलुगू मंडळी उठून गेली. त्याच रात्री टेकमाल रंगाराव यांच्या घरी अकरा जणांनी बसून आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव आणि बूर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखी माणसे त्यात होती. या बैठकीतून पुढे आंध्र महासभा उभी राहिली, तेलंगणाच्या राजकारणाचे पहिले बीज तेथे पडले. बूर्गुल पुढे हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले.

मराठी लेखक या प्रसंगाचा उल्लेख सहसा ओझरता करतात, तेलुगू इतिहासात मात्र तो अगदी प्रारंभी येतो. तो झाकण्यात अर्थ नाही. दरबारी उर्दूपुढे आपल्या भाषेला जागा नाही, ही ज्यांची व्यथा होती, त्यांच्याच छपराखाली दुसऱ्याच्या भाषेची तीच गत झाली. हुर्यो करणाऱ्यांत मराठी किती आणि इतर किती याचा हिशेब मांडून सुटका होत नाही, कारण छप्पर विवेकवर्धिनीचे होते. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व चौदा वर्षे शिकवलेल्या शाळेला त्या तत्त्वाची दुसरी बाजू दुसऱ्यांनी शिकवली. माडपाटी हनुमंतरावांनी १९२८ मध्ये तेलुगू मुलींची शाळा काढली. ज्या वाटेवर केशवराव दोन दशके आधी निघाले होते, त्याच वाटेवरचे ते पुढचे पाऊल होते. प्रसंग कटू, पण त्यातून शाळा निघाली, ही हैदराबादची जुनी खोड म्हणावी लागेल.

आणखी एका बाबतीत शाळेच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जन्मावर निवड करणाऱ्या शाळांना पर्याय म्हणून ती निघाली, तरी तिच्या बाकांवर आरंभी बसली ती मुख्यतः लिहित्या-वाचत्या घरांतील मुले, आणि मुलगेच. भाग्यरेड्डी वर्मा यांना १९१० मध्ये इसामिया बाजारात दलित मुलांसाठी वेगळी शाळा काढावी लागली, यातच त्या काळच्या सर्व शाळांवरचा शेरा आहे. केशवरावांच्या आर्यसमाजी विचारात जातिभेदाला स्थान नव्हते. परंतु विचार आणि हजेरीपट यांच्यात अंतर पडते, आणि ते कमी व्हायला फार काळ जावा लागला.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग धाडसी होता, त्याचे श्रेय त्या राज्याला दिलेच पाहिजे. मात्र ती भाषा उर्दू ठरल्यामुळे माध्यमिक शाळांवरही उर्दूचा भार वाढला. त्यानंतर फसली १३३४, म्हणजे इसवी १९२४-२५ च्या सुमारास खाजगी शाळांसंबंधीचे नियम आले. सरकारी परवानगीशिवाय नवी शाळा काढता येईना, आणि चालू असलेल्या कित्येक लहान शाळा या नियमांच्या कचाट्यात बंद पडल्या. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांना अर्ज, नकाशे, मंजुऱ्या यांचे व्यवहार कुठले जमणार? विवेकवर्धिनी वाचली, कारण तिच्यामागे कायदा जाणणारी माणसे होती. केशवरावांच्या वकिली पद्धतीला जे हसत, त्यांनी या वर्षांकडे पाहावे.

१९३१ साली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या राजधानीत मराठीला कचेरीच्या पायरीवरही जागा नव्हती, तेथे हे संमेलन भरावे इतका वाचकवर्ग आता तयार झाला होता. हा वाचकवर्ग आकाशातून पडला नव्हता. विवेकवर्धिनीतून, तिच्यासारख्या शाळांतून आणि शहरातील ग्रंथालयांच्या वाचनकक्षांतून तो एकेक करून घडला होता. शाळेत अक्षर ओळखायचे आणि संध्याकाळी ग्रंथालयात येऊन ते वापरायचे, अशी ही जोडी होती.

पुढच्याच वर्षी, मे १९३२ मध्ये केशवराव निवर्तले. वय पासष्ट.

त्यांनी आपला मुलगा विनायक याला मात्र विवेकवर्धिनीत किंवा निजाम कॉलेजात ठेवले नव्हते. त्याला पार हरद्वारजवळ कांगडीच्या गुरुकुलात धाडले होते. तेथून विद्यालंकार ही पदवी घेऊन, पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन विनायकराव परतले आणि वडिलांच्या मागे आर्यसमाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहाच्या वादळी काळात ते आघाडीवर होते, स्वातंत्र्यानंतर हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ मध्ये हैदराबाद शहरातून लोकसभेवर निवडून गेले. तोवर केशवरावांना माहीत असलेले राज्यच उरले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा म्हैसूरकडे, आणि विवेकवर्धिनी आंध्र प्रदेशच्या राजधानीतील मराठी शाळा होऊन मागे राहिली. मराठवाड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांची वाट औरंगाबादकडे वळली.

केशवरावांच्या नावाची शाळा १९४० मध्ये नारायणगुड्यात निघाली. शहरातील नवी पिढी केशव मेमोरियल या नावाने तिला ओळखते, पण हे केशव कोण, हे विचारले तर सांगू शकणारी मुले त्या फाटकातून फारशी बाहेर पडत नाहीत. जांबागेत अजून ते सांगणारी काही घरे आहेत.