तासातासाची नोंद ठेवणारे केरूनाना छत्रे

आमच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर हवामानाचा तक्ता लावलेला आहे तो तुम्ही पाहिलाच असेल. रोज सकाळी साडेआठला तापमापी वाचायची, पटांगणातल्या नरसाळं लावलेल्या बाटलीत किती पाऊस साठला ते मोजायचं आणि चौकटीत लिहायचं, हे काम यंदा माझ्याकडे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेकडे फिरकलोच नाही. रात्री सरी येऊन गेल्या होत्या एवढं मला ठाऊक होतं. मग त्याच्या पुढच्या दिवशी मी अंदाजानंच 12 मिलिमीटर लिहून टाकलं. कुणाला काय कळतंय, असं वाटलं. पण गुरुजींनी बाटली पाहून ठेवली होती. ते रागावले नाहीत. मला जवळ बसवून त्यांनी केरूनाना छत्र्यांची हकीकत सांगितली. तीच मी इथे लिहितो आहे.

केरूनानांचं खरं नाव विनायक लक्ष्मण छत्रे. त्यांचा जन्म 16 मे 1825 रोजी अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. नागाव अगदी समुद्राकाठी आहे. आपण मोताळ्याची पोरं, आपल्याला पाण्याचा मोठा साठा म्हणजे नळगंगेचं धरण माहीत. पण समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं न् दोनदा उतरतं, आणि रोज भरतीची वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तर पाणी फारच वर येतं, त्याला उधाण म्हणतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला तिथी ही फक्त उपासापुरती नसते, होडी केव्हा लोटायची तेही त्यावरच ठरतं.

नानांचे आईवडील लवकर वारले. ते शिकायला मुंबईत चुलत्यांच्या घरी आले. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांना बाळशास्त्री जांभेकर आणि ऑर्लेबार साहेब असे दोन गुरू लाभले. गणितात पोरगा हुशार निघाला. तेव्हा 1840 च्या सुमारास, म्हणजे 15-16 वर्षांचं वय असताना, त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत दरमहा 50 रुपयांवर मदतनिसाचं काम मिळालं. आमच्या वर्गातला सगळ्यात मोठा मुलगा चौदाचा आहे!

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली बांधली होती. जहाजांना आपली घड्याळं लावायला बिनचूक वेळ लागे आणि ती ताऱ्यांवरून काढावी लागे. पुढे तिथे हवेचा दाब, उष्णता, पाऊस, वारा आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्याही नोंदी सुरू झाल्या. नोंद रोजची नव्हे, दर तासाची. रात्रीसुद्धा. तेव्हा आपोआप रेघ काढणारी यंत्रं नव्हती, माणसानं दिवा घेऊन जायचं, डोळ्यानं आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पावसाळ्यात बाहेर समुद्र गरजतोय आणि आत कुणीतरी टांगलेल्या चुंबकाकडे पाहत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. नाना सुमारे दहा वर्षं या कामात होते.

त्या आकड्यांचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं. नाना तिथून गेल्यानंतरची गोष्ट सांगतो. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ उठलं. कुलाब्याच्या चुंबकाने ते दाखवलं आणि तिथल्या लोकांनी ते लिहून ठेवलं. दीडशे वर्षांनंतरही शास्त्रज्ञ तीच नोंद काढून वादळ केवढं होतं ते मोजतात. त्या रात्री कुणी अंदाजानं आकडा भरला असता तर? (हे गुरुजींनी माझ्याकडे बघून विचारलं. मी खाली बघितलं.)

पुढे 1851 साली नाना पुण्याच्या कॉलेजात शिकवायला गेले. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय. मुंबईच्या ज्ञानप्रसारक सभेपुढे त्यांनी हवा आणि भरती-ओहोटी यांवर मराठीत निबंध वाचले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. 1877 साली त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली.

पण त्यांचं मोठं काम पंचांगाचं. आपल्याकडची पंचांगं बहुतेक ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. तो गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास रचला. तेही कोकणच्याच किनाऱ्यावरचे, नांदगावचे, आणि तेही आकाश बघून गणित करणारे. त्यांचं गणित त्यांच्या काळी चांगलं जुळे. मात्र रोज थोडं मागे पडणारं घड्याळ जसं वर्षानं फार चुकतं, तसं तीनशे वर्षांत झालं. पंचांगातला ग्रह एका जागी, आकाशातला दुसऱ्या जागी. नानांनी फ्रेंच व इंग्रजी ग्रंथांच्या आधारे 1860 साली ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक काढलं. 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने नवं पंचांग निघू लागलं. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. त्याचं गणित खलाशांसाठी इंग्लंडात निघणाऱ्या नाविक पंचांगावरून केलेलं असे.

लोकांनी ते घेतलं का? फार थोड्यांनी. कारण त्यात मकरसंक्रांत इतरांच्या चार दिवस आधी यायची आणि अधिक महिनाही कधीकधी वेगळा पडायचा. एकाच गावात दोन संक्रांती कशा करायच्या? मला तर लोकांचंही खोटं वाटत नाही. समजा, आपल्याकडे कुणी सांगितलं की मृग 7 जूनच्या सुमारास नाही, चार दिवस आधीच लागला, तर माझे आबा तरी ऐकतील का? ढग पंचांग वाचत नाहीत हे खरं, पण कपाशी लावणारा माणूस वाचतो. नानांनी मात्र आकडे लोकांच्या मर्जीप्रमाणे बदलले नाहीत. थोडे लोक घेत होते तरी पंचांग निघतच राहिलं. नाना 19 मार्च 1884 रोजी वारले. नंतर टिळकांनी पंचांगशुद्धीचं काम हाती घेतलं. आजच्या टिळक पंचांगात संक्रांत 10 जानेवारीला दिसते, ती याच वाटेनं आलेली आहे.

एक गंमत राहिलीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा विजेमुळे कुलाब्याच्या चुंबकाच्या नोंदी बिघडतील म्हणून ते काम 1904 साली दुसरीकडे नेलं. कुठे, तर अलिबागला. नानांचं नागाव तिथून जवळच. तिथल्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही, कारण लोखंडाजवळ चुंबक खोटं बोलतो.

मी खोडरबर घेऊन ते 12 खोडलं. तिथे दुसरा आकडा घालू का असं मी गुरुजींना विचारलं, कारण त्यांनी बाटली पाहिली होती. पण त्यांनी ती सकाळी साडेआठला नव्हे, दुपारी पाहिली होती. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत आता आडवी रेघ आहे आणि खाली बारीक अक्षरात नोंद नाही असं लिहिलं आहे. अक्षर माझंच आहे.