कान्होजी आंग्रे

कान्होजी आंग्रे (इ.स. १६६९ च्या सुमारास – ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. पुणे जिल्ह्यातील आंगरवाडी या गावावरून या घराण्यास आंग्रे हे आडनाव पडले. त्यांचे मूळ आडनाव संकपाळ होते. वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. सुवर्णदुर्गाच्या बचावात कान्होजी प्रथम पुढे आले आणि १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली.

== आरमार ==
त्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराबा व गलबते. गलबते हलकी व उथळ तळाची असून त्यांना शिडांबरोबर वल्हीही असत. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे काजळी नदी समुद्रास मिळते, तेथे किंवा जयगड, पूर्णगड येथील खाड्यांत ती सहज शिरत. मोठ्या युरोपीय जहाजांना ते साधत नसे. वारा पडला की इंग्रजांची जहाजे जागीच खिळत. अशा वेळी आंग्र्यांची गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबा ओढून आणीत आणि शत्रूच्या पिछाडीवर, जेथे तोफा कमी असत, मारा करीत. पावसाळ्यात मात्र दर्या बंद असे. जहाजे खाडीत ओढून घेतली जात व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरत.

== दस्तकाचा वाद ==
कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी मराठ्यांचे दस्तक घ्यावे, अशी कान्होजींची मागणी होती. पोर्तुगीज स्वतः असेच परवाने देत असत, इंग्रजही देत. तरीही कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजी चाचे ठरले. इ.स. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले.

इ.स. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पाठविलेल्या बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांनी कैद केले. अखेर बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने तह होऊन ते ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंकडे आले. सरखेलपद व २६ किल्ले त्यांच्याकडे राहिले.

== इंग्रजांशी युद्धे ==
गव्हर्नर बून याच्या काळात इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर हल्ले केले, दोन्ही फसले. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यास वेढा घातला. बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस आल्यावर पोर्तुगिजांनी जानेवारी १७२२ मध्ये स्वतंत्र तह केला व इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये डचांचा विजयदुर्गावरील हल्लाही निष्फळ ठरला.

== मृत्यू ==
कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यामागे सरखेलपद सेखोजी व नंतर संभाजी या पुत्रांकडे आले. पुढे मानाजी व संभाजी या भावांत वितुष्ट येऊन कुलाबा व विजयदुर्ग अशी आरमाराची वाटणी झाली.