अदोनीराम जडसन

अमेरिकेंत १७८८ सालीं जन्मलेले अदोनीराम जडसन १८१३ सालीं शुभवर्तमान घेऊन ब्रह्मदेशास गेले. १८२४ सालीं तेथें इंग्रजांशीं युद्ध जुंपलें, तेव्हां हेर समजून त्यांस आवा येथें बेड्या घालून बंदींत टाकण्यांत आलें. पत्नी अ‍ॅन हिनें अन्न पोंचवून व अधिकाऱ्यांपुढें रदबदली करून त्यांचे प्राण राखिले.

परंतु सुटकेनंतर, १८२६ सालीं, अ‍ॅन निवर्तली. सहा महिन्यांनीं चिमुकली कन्याहि गेली. शोकानें खचून १८२८ सालीं जडसन मौलमीनजवळच्या रानांत झोंपडी बांधून राहूं लागले. तेथें त्यांनीं स्वतःसाठीं कबर खणिली आणि तिच्या कांठीं बसून मरणाचें चिंतन केलें. देव आहे ही श्रद्धा उरली होती. पण तो कोठें आहे हें त्यांस उमगेना.

तरीहि पवित्र शास्त्राचें भाषांतर त्यांनीं टाकिलें नाहीं. हळूहळू अंधार निवळला, आणि १८३४ सालीं संपूर्ण शास्त्र ब्रह्मी भाषेंत उतरलें. तें तेथील मंडळ्यांत आजहि वाचिलें जातें.

विद्यार्थीमित्रहो, पित्यानें टाकिल्याची व्यथा वधस्तंभावर प्रभूनेंहि सोसिली. म्हणून तशा घटकेंत आपण एकटे नसतों. देव दिसेनासा झाला, तरी त्यानें सोंपविलेलें काम सोडूं नये. सांत्वनाची वाट बहुधा तेथूनच जाते.