भाकरीची बेडी

माणसाला बांधून ठेवायला लोखंडाचीच बेडी लागते असे नाही. ज्याच्या हातात आपली भाकरी, त्याच्या हातात आपली मान. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात ही बेडी ओळखून ती तोडायला निघालेली एक मजूर बाई होऊन गेली. नाव फॅनी लू हेमर. तिचे चरित्र आज सांगतो.

६ ऑक्टोबर १९१७ रोजी तिचा जन्म झाला. आईबाप कृष्णवर्णीय, दुसऱ्याच्या जमिनीत अर्धेलीने कापूस पिकवणारे. वीस लेकरांतले हे शेंडेफळ. सहाव्या वर्षी पोर कापूस वेचू लागली आणि पुढे काही वर्षांतच शाळा सुटली ती कायमची. गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती. पण जमीन मालकाची, तराजू मालकाचा आणि हिशेबाची वहीही मालकाचीच! वर्षाच्या शेवटी मजुराच्या पदरात कर्जच पडे.

१९४४ साली पेरी हेमर यांच्याशी लग्न झाले. दोघे रूलव्हिल गावाजवळच्या मळ्यावर राबू लागली. बाईंना लिहिता-वाचता येई, म्हणून मालकाने हजेरी आणि कापसाच्या वजनाची नोंद त्यांच्याकडे सोपवली. मालकाचे माप खोटे. तो नजरेआड झाला की बाई हळूच खरे वजन लावीत. १९६१ साली पोटातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी गेल्या, तर डॉक्टरांनी न विचारता गर्भाशयच काढून टाकला. दाद कोणाकडे मागायची? पोलीस गोरा, न्यायाधीश गोरा, आणि मतदारयादीत काळ्यांची नावे जवळजवळ नाहीतच.

१९६२ च्या ऑगस्टात गावच्या चर्चमध्ये तरुण कार्यकर्त्यांनी सभा घेतली. आपल्यालाही मत देता येते, हे बाईंना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तेथे कळले. ३१ ऑगस्टला अठराएक जण एका जुन्या बसने सव्वीस मैलांवरच्या इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला निघाले. तिथल्या अधिकाऱ्याने राज्यघटनेतले अवघड कलम काढून त्याचा अर्थ विचारला. ज्यांना शाळा मिळू दिली नाही त्यांचीच ही परीक्षा! बाई नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग फार पिवळा! माणसे भेदरली. तेव्हा बाईंनी चर्चमधली भजने म्हणायला सुरुवात केली. गळ्यात गळा मिसळला की भीतीला बसायला जागा उरत नाही, हे भजनाला उभे राहणाऱ्यांना मी काय सांगावे?

घरी आल्यावर मालकाने बजावले की नोंदणी मागे घ्यावी, नाहीतर मळा सोडावा. अठरा वर्षे राबलेली जागा बाईंनी त्याच रात्री सोडली. ज्या घरी आसरा घेतला त्या घरावर पुढे गोळ्या झाडल्या गेल्या. तरी १९६३ च्या जानेवारीत त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्याच. त्याच वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी त्यांना काळ्या कैद्यांच्याच हातून मारवले. मूत्रपिंड आणि डोळा जन्माचा अधू झाला.

१९६४ साली बाईंनी आणि सोबत्यांनी काळ्या-गोऱ्या सर्वांना खुला असा मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष उभारला. अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात बाईंनी आपली हकिगत सांगितली. ती लोकांपर्यंत पोचू नये म्हणून अध्यक्ष जॉन्सन घाईने पत्रकारांपुढे आले. पण रात्री दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने ती ऐकली. शेवटी तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. मोठमोठे पुढारी घ्या म्हणत होते. साठाहून अधिक माणसे आलेली, त्यांनी मागे उभे राहावे काय? बाईंनी नकार दिला. पुन्हा मालकाचेच माप, ते त्यांनी ओळखले होते. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला आणि १९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्या रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या.

पण मत मिळाले तरी मालक मळ्यावरून हाकलतो, ही आठवण गेली नव्हती. १९६९ साली चाळीस एकरांवर बाईंनी सहकारी शेती सुरू केली. पुढे ती सहाशे एकरांवर गेली. भाजीपाला गरिबांच्या घरी जाऊ लागला. एका कुटुंबाला एक डुकरीण द्यायची, तिला पिल्ले झाली की दोन परत घ्यायची आणि ती पुढच्या कुटुंबाला द्यायची, अशी पेढीही चालली. आपल्याला हा व्यवसाय परका वाटेल, पण त्यातली युक्ती पहा! दान घेणारा वर्षभरात दाता होतो.

पैशाची ओढाताण आणि निसर्गाचा कोप यांनी ती शेती टिकू दिली नाही. १४ मार्च १९७७ रोजी कर्करोगाने थकलेल्या बाईंनी देह ठेवला. वय अवघे एकोणसाठ. रूलव्हिलला त्या शेताच्याच मातीत त्यांना विसावा मिळाला.

तात्पर्य, दुबळ्याला नुसता हक्क सांगून भागत नाही. तो बजावल्यावर संध्याकाळी त्याची चूल पेटेल ना, ही काळजीही सोबत्यांनीच वाहावी लागते.