विरळ घटनांचे गणित मांडणारे प्वासाँ

फ्रेंच गणितज्ञ सिमेआँ द्नी प्वासाँ यांचा जन्म २१ जून १७८१ रोजी पिथिव्हिए येथे झाला. घरच्यांनी त्यांना शल्यचिकित्सा शिकण्यास धाडले. पण हाताला सफाई नसल्याने ती विद्या सोडावी लागली. १७९८ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल होताच लाग्रांज व लाप्लास या गुरूंनी त्यांची प्रतिभा हेरली. न्यायनिवाड्यांच्या संभाव्यतेवरील १८३७ च्या ग्रंथात त्यांनी विरळ घटनांचे सूत्र मांडले. २५ एप्रिल १८४० रोजी त्यांचे निधन झाले.

रस्ते अपघातांच्या अभ्यासाला पुढे हेच सूत्र पायाभूत ठरले. ग्रामीण चौफुलीवर वर्षाला सरासरी दोन अपघात होत असतील, तरी सूत्रानुसार सुमारे साडेतेरा टक्के वर्षे निव्वळ योगायोगाने अपघाताविना जातात. म्हणजे एका निरंक वर्षावरून ती चौफुली सुरक्षित ठरवणे जिवावर बेतू शकते. निरनिराळ्या चौफुल्यांच्या आकड्यांतील तफावत मात्र या सूत्राच्या अपेक्षेहून बहुधा अधिक असते; म्हणून अभ्यासक त्याचेच विस्तारित रूप असलेले ऋण द्विपद वितरण वापरतात. शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या प्वासाँ यांचे गणित असे प्राणरक्षणाच्या कामी आले.